कोण अजून नाही खाली?

माझ्या बायकोला कचऱ्याची गाडी मिळाली, तेव्हा आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी हातात स्टिअरिंग आलं. त्याआधी कित्येक वर्षं तिच्या हातात झाडू होता. रस्ता झाडता झाडता ती शेजारून जाणाऱ्या गाड्यांकडे मान वळवून बघायची. मग केस पांढरे व्हायला लागल्यावर एकदाची गाडी शिकली. पहिल्या परीक्षेत नापास झाली आणि दुसऱ्या परीक्षेत परीक्षकालाच घाम फोडून पास झाली. ऑफिसनं तिला एक छोटी हिरवी गाडी दिली, पण कच्ची. म्हणजे, बघू काही महिने. गाडी रोज भरून आली तर तुमची, नाहीतर परत झाडू.

गाडी रोज अर्धी रिकामी येत होती.

यात तिचा दोष नव्हता. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून हॉर्न वाजवायला बंदी आली होती. त्याऐवजी ऑफिसनं प्रत्येक गाडीवर भोंगा बसवला आणि त्यात एक सूर भरून दिला. तो सूर नेमका आइस्क्रीमवाल्याच्या गाडीचा निघाला. बायकोची गाडी गल्लीत शिरली की पोरं उड्या मारत यायची, आत डोकावायची आणि मग असा आकांत मांडायची की आया दारं लावून घ्यायच्या. कचरा घरात राहायचा आणि पोरं रस्त्यात. एकदा तर वरून कुणीतरी भोंग्यावर चप्पल भिरकावली, ती नेमकी गाडीत पडली.

"ताई, कोरडा कचरा आला," पैलवान म्हणाला.

पैलवान म्हणजे गाडीच्या मागच्या फळीवर उभा राहून बादल्या रिकाम्या करणारा गडी. अंगानं अगरबत्तीची काडी; वारा सुटला की फळीवरची दांडी दोन्ही हातांनी धरायचा. म्हणून पैलवान. तो माझ्या बायकोला ताई म्हणायचा आणि त्या नात्यानं मला दाजी.

त्या दिवशी बायको घरी आली, गमबूट दाराशी काढले आणि माझ्यासमोर बसून राहिली. मी दुपारपाळीला छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे लोकांच्या चुका शोधून पोट भरतो. उरलेल्या वेळात गाणी करून स्वतःच्या चुका वाढवतो. मला आईकडून जमीन आली नाही, भांडी आली नाहीत. ओव्या तेवढ्या आल्या. त्यामुळे माझ्या गाण्यांत चांदणं असतं, पाखरं असतात, पाऊलवाट तर असतेच असते. आजवर ज्यांना ज्यांना मी ती ऐकवली, ते सगळे हल्ली मला बघितलं की रस्ता ओलांडतात.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही एवढी गाणी करता, मला एक करून द्या की. गाडीवर लावायला."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे भाजी मागितली, वेळ मागितला, खिडकीची कडी बसवून मागितली. गाणं मागितलं ते त्या दिवशी. माझे पाय जमिनीला लागेनात.

"कसं हवं?" मी विचारलं. आवाज उगाचच खोल लावला.

"ऐकलं की लोकांनी खाली यावं, असं."

"म्हणजे काळजाला हात घालणारं."

"बादलीला हात घालणारं," ती म्हणाली. पण मी तोवर कागद शोधायला उठलो होतो.

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. छापखान्यात एका डॉक्टरांच्या पुस्तकात 'मूत्रपिंडा'च्या जागी 'मातृपिंड' तसंच जाऊ दिलं, कारण माझं चित्त ओल्या कचऱ्यावर जडलं होतं. आणि खरं सांगतो, कधी कांद्याचं साल उजेडात धरून बघा. काय ते रंग! काय ते पापुद्रे! एवढं अंग राखलं त्या सालानं कांद्याचं, आणि शेवटी त्याच्या नशिबी काय, तर बादली. मी थेट पाठवणीच्या चालीवर गाणं बांधलं आणि स्वतःच्याच आवाजात भरून दिलं:

साल कांद्याची गुलाबी, पाकळी गं पहाटेची
चालली सोडून घर, लेक जशी गं लाडाची
मागे वळून पाहतो, देठ वांग्याचा बिचारा
चोथा चहाचा म्हणतो, नाही पुन्हा हा निवारा

पहिल्या सकाळी मी मुद्दाम गाडीमागून चालत गेलो. कवीनं आपल्या गाण्याचा परिणाम लांबून बघावा, असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं, पण मी ते पाळत होतो.

पहिल्या गल्लीत भोंगा सुरू झाला आणि एकेक खिडकी उघडत गेली. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस तोंडाला साबण तसाच ठेवून दाराशी आला. शिंप्याचं मशीन थांबलं. चौथ्या मजल्यावरच्या मावशी गॅलरीत आल्या, बादली छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि पदर डोळ्यांना लावला. सगळी गल्ली स्तब्ध. आयुष्यात माझ्या गाण्याला इतके श्रोते कधी मिळाले नव्हते, आणि त्यातला एकही उठून गेला नव्हता.

एकही खालीही आला नव्हता.

"मावशी, टाका की बादली!" पैलवान ओरडला.

मावशींनी बादलीत एकदा वाकून पाहिलं. "आजच्या दिवस राहू दे रे," त्या वरून म्हणाल्या, "उद्या पाठवते." आणि सालं पुन्हा घरात घेऊन गेल्या.

त्या दिवशी गाडी जवळजवळ रिकामीच परत गेली. बायकोनं डेपोत गाडी लावली, किल्ली काढली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाणं चांगलं होतं."

मी फुललो.

"म्हणूनच सांगते, परत लावू नका."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी गाडीत बसलो ते तोंड पाडून. भोंगा बंद होता. दातांच्या डॉक्टरांच्या बिल्डिंगखाली आम्ही थांबलो. हे डॉक्टर रोज गाडी निघून गेल्यावर बादली घेऊन यायचे आणि मागून शिव्या द्यायचे.

"अजून दात घासत असतील," पैलवान मागून म्हणाला. "लोकांचे घासून झाले की स्वतःचे."

आता आईच्या गाण्यांची एक दुसरी जातही होती. ती मी कधी माझी मानली नव्हती. चार बायका कामाला एकत्र बसल्या की एकमेकींची उणीदुणी काढत म्हणायच्या, ती गाणी. कुणाचं नाक, कुणाचा नवरा, कुणाची उतू गेलेली आमटी, काही सोडायच्या नाहीत. मला ती उथळ वाटायची. पण त्या सकाळी माझं दुखावलेलं मन कुठंतरी वाट शोधत असावं. मी आपला स्वतःशीच गुणगुणायला लागलो:

आली गं आली, गाडी आली,
कोण अजून नाही खाली?
दातांचे डॉक्टर, तोंडात फेस,
बादली शोधायची रोजची रेस;
एका पायात बूट, एका पायात चप्पल,
टोपीखाली झाकलंय गुळगुळीत टक्कल!

माझं गुणगुणणं मला जरा मोठं ऐकू येत होतं. म्हणून वर बघितलं, तर पैलवानानं मागच्या खिडकीतून हात घालून भोंग्याच्या माइकची कळ दाबून ठेवली होती. माझं गाणं अख्ख्या गल्लीत घुमत होतं.

जिन्यावर धडधड झाली. डॉक्टर बाहेर आले ते खरोखरच तोंडात फेस घेऊन. पायांत दोन्ही चपलाच होत्या, पण एक त्यांची आणि एक त्यांच्या बायकोची. "कोण आहे तो? कोण आहे?" असं काहीसं ते म्हणाले, फेसामुळं नीट कळलं नाही. बादली मात्र पैलवानाच्या हातात आली होती.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. कांद्याच्या सालाच्या वेळी नव्हतं, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

"त्या शिंप्यावर येतं का एखादं?" तिनं विचारलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

शिंप्यावर आलं. हे गृहस्थ कपडेही 'उद्या' द्यायचे आणि चिंध्यांचं पोतंही:

शिंपीदादांचं एकच गाऱ्हाणं,
'उद्या देतो' हेच रोजचं गाणं;
कपडे उद्या नि कचरा परवा,
तोवर बादलीत उगवेल मरवा!

मावशींवरही आलं:

चौथ्या मजल्यावर मावशी राहते,
गॅलरीतून सारं जग पाहते;
कोण कुठं गेलं, ठाऊक बाई,
स्वतःची बादली कुठं, ठाऊक नाही!

नियम साधा होता. जो खाली आला त्याला सोडायचं. जो वर राहिला त्याच्यावर कडवं म्हणायचं. आठवड्याभरात गाडी अशी भरून यायला लागली की फळीवर पैलवानाला पाय ठेवायला जागा उरेना. गाणं 'कोण अजून'पर्यंत आलं की जिन्याजिन्यातून पावलं वाजायची. चार शब्दांत सबंध बिल्डिंग रिकामी करणारा दुसरा कवी मला तरी माहीत नाही. आगीचा बंब सोडला तर.

आता इथं थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण शहाणपण माझ्या वाटेला कधी गेलेलं नाही, आणि मीही त्याच्या वाटेला जात नाही.

झालं काय, की मला लोक ओळखायला लागले. न्हाव्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत. रस्ता ओलांडून जाणारे लोक रस्ता ओलांडून माझ्याकडे यायला लागले. एक नवी नवरी हळूच म्हणाली, "काका, आमच्या यांच्यावर एक टाका ना. घोरण्यावर टाका." बँडमध्ये पिपाणी वाजवणारे एक आजोबा होते, त्यांना त्यांच्या मांजरावर हवं होतं. मी कुणाला नाही म्हणालो नाही. चार ओळींचं कडवं आठ ओळींचं झालं, आठाचं बाराचं. मांजराला तर मी चंद्राची उपमा दिली. इतक्या दिवसांचं चांदणं साठलं होतं, ते कुठंतरी सांडणारच.

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ती अख्ख्या वस्तीच्या आली. जो खाली आला, त्याचं कडवं बुडालं. मग खाली येईल कोण?

पिपाणीवाले आजोबा वर्षानुवर्षं गाडीच्या आधी येऊन उभे राहायचे. आता ते मांजर मांडीवर घेऊन खिडकीत बसायला लागले. नवी नवरी नवऱ्याला घरात कोंडून ठेवायची. डॉक्टर फेसासकट गॅलरीत उभे राहून, "ते चपलेचं परत म्हणा," असं खुणावायचे. आपलं कडवं झालं की लोक खाली यायचे, पण मग शेजाऱ्याचं ऐकायला तिथंच थांबायचे. गाडी एका गल्लीतून हलायची तोवर दुसऱ्या गल्लीतली माणसं कामावर गेलेली असायची.

डेपोतून मोठा ट्रक सगळ्या लहान गाड्यांचा कचरा घेऊन रोज ठरल्या वेळी निघतो. तो कुणासाठी थांबत नाही. एक दिवस आमची गाडी पोचली तेव्हा ट्रक गेलेला. दुसऱ्या दिवशीही गेलेला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बायकोला बोलावलं. साहेब म्हणजे डेपोचे सुपरवायझर. बारा महिने डोक्यावर ऑफिसची टोपी, आणि बोलणं मोजून.

"बाई," ते म्हणाले, "उद्या मी गाडीत बसून येतो. बघतो काय भानगड आहे. उद्याही असंच असेल, तर गाडी दुसऱ्याला देऊ. तुमचा झाडू ठेवलाय आम्ही जपून."

हे सगळं मला पैलवानानं सांगितलं. बायकोनं घरी येऊन आधी तोंड धुतलं, मग पुन्हा धुतलं.

मी म्हणालो, "अगं, त्या मांजराच्या कडव्यात शेवटी मी एक बदल केलाय. ऐकतेस?"

मेंढरासारखं सरळ चालत जाऊन खाटकाच्या दारात उभं राहावं, ते हे.

"तुमचं पहिलं गाणं ऐकून लोक रडले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आता ऐकून हसतात. कचरा दोन्ही वेळेला वरच."

"मी लहान करतो ना कडवी. दोन-दोन ओळींची."

"एका ओळीचं करा."

"एका ओळीचं गाणं नसतं गं. यमक जुळायला निदान दोन ओळी—"

"मला यमक नको, कविराज. मला कचरा हवाय." मग ती जरा थांबली. हात पुसत होती, पण ते केव्हाच कोरडे झाले होते. "गाडीत बसलं की रस्ता वरून दिसतो, ठाऊक आहे तुम्हाला? इतकी वर्षं मी तो खालून बघितला. वाकून. मला परत वाकायचं नाही."

यावर माझ्याजवळ ओवी नव्हती. एवढ्या ओव्या आईनं दिल्या, पण नवऱ्यानं बायकोची माफी मागायची एकही त्यात नव्हती. मी म्हणालो, "चहा टाकू?"

"टाका," ती म्हणाली. "आणि पत्ती बादलीत टाका. तिचा निरोप घेत बसू नका."

दुसऱ्या दिवशी डेपोत साहेब गाडीशी आले. मी माझ्या जागेवर बसलेलो.

"हे कोण?"

"हे गाणं म्हणतात," बायको म्हणाली.

"ऑफिसच्या गाडीत बाहेरचा माणूस नको. उतरा."

मी उतरलो. साहेब माझ्या जागी बसले. जागा त्यांना अपुरी पडली. खिडकीतून मी माइक बायकोच्या हातात दिला. ती कधी गायलेली मी ऐकलं नव्हतं.

"तू म्हणशील?"

"मग काय, साहेब म्हणतील?" ती पुटपुटली, आणि गाडी निघाली. मी आणि माझी धास्ती मागोमाग पायी.

पहिल्या गल्लीत तोच देखावा. माणसं खिडक्यांत, बादल्या घरात, मांजर मांडीवर. खाली चिटपाखरू नाही. गाडी डॉक्टरांच्या बिल्डिंगखाली थांबली आणि भोंग्यातून माझ्या बायकोचा आवाज आला. दगडावर सुरी घासावी तसा आवाज. पण लांब जाणारा.

आली गं आली, गाडी आली, कोण अजून नाही खाली...

मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर होतो. मला काचेतून दोघं दिसत होते. तिनं डॉक्टरांचं कडवं घेतलं. फेस झाला, रेस झाली, बूट-चप्पल झाली. "टोपीखाली झाकलंय गुळगुळीत—"

आणि नेमक्या त्याच घटकेला साहेबांनी उकडलं म्हणून टोपी काढली.

आजवर आम्ही कुणी ते डोकं पाहिलं नव्हतं. तवा घासून उन्हात ठेवावा, तसं ते लकाकलं. साहेब रुमालानं ते हळुवार पुसत होते आणि माझी बायको तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत होती. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेला मला इथून दिसला. तिनं तो गिळला. अक्षरशः गिळला, गळा हलला.

मग वरून एक पोरगं ओरडलं, "पुढं?"

बायकोनं घाबरून क्लच दाबला आणि गाडी पुढं काढली.

मी आयुष्यभर गाणी पूर्ण करत आलो आहे. अर्धवट सुटलेल्या ओळीची ताकद मला ठाऊकच नव्हती. अंगाला खाज सुटावी आणि हात बांधलेले असावेत, तशी त्या गल्लीची गत झाली. खिडक्यांत चुळबुळ झाली. न्हावी दारात येऊन नुसताच "गुळगुळीत... गुळगुळीत..." म्हणत उभा राहिला. मग डॉक्टरांच्या जिन्यात धडधड सुरू झाली. "अहो ताई! विसरलात का? टक्कल! टक्कल म्हणा!" डॉक्टर पळत होते. आपला हक्काचा शब्द बुडतोय हे त्यांना सोसवत नव्हतं. त्यांच्यामागं नवी नवरी, तिच्यामागं डोळे चोळत तिचा नवरा. पिपाणीवाले आजोबा मांजर खाली टाकून निघाले. कुणी बादली घेऊन निघालं होतं, कुणी अर्ध्यातून परत जाऊन घेऊन आलं. रिकाम्या हातानं कचऱ्याच्या गाडीमागं पळणं बरं दिसत नाही, एवढं भान लोकांना होतं. गाडी चौकात थांबली तेव्हा पैलवानाच्या अंगावर बादल्यांचा पाऊस पडला, आणि दहा तोंडांतून एकच शब्द.

"टक्कल! टक्कल!"

"कळलं, कळलं!" बायको खिडकीतून हात हलवत होती, डोळ्यांनी त्यांना गप्प करत होती, आणि साहेबांकडे बघणं टाळत होती.

साहेबांनी टोपी परत घातली.

पहिल्या गल्लीत तिनं शब्द गिळला तो भीतीनं. दुसऱ्या गल्लीतलं मी सांगतो, कारण मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शिंप्याच्या दुकानासमोर तिनं गाडी उभी केली. तिला शिंप्याचं कडवं येत होतं. त्यात टकलाचा संबंध नव्हता. तिनं खणखणीत म्हटलं:

कपडे उद्या नि कचरा परवा,
तोवर बादलीत उगवेल—

थांबली. आरशात मागं बघितलं. खिडक्यांतली माणसं पुढं वाकलेली होती. मग माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की तसं ते लग्नानंतर मी दोनदाच पाहिलं असेल, आणि दोन्ही वेळा माझी फजिती झाली होती. तिनं गिअर टाकला आणि गाडी सोडली.

मरवा! अहो, मरवा! परव्याला मरवा! तो शब्द मला सापडला होता तेव्हा मी छापखान्यात उभा राहून एकटाच नाचलो होतो. तो असा हवेत लटकत सोडून ती चालली होती. मी स्वतःला आवरायला हवं होतं. तिची गाडी, तिचा दिवस, साहेब शेजारी. मी आवरलं नाही. मी पळत सुटलो.

"मरवा!" मी ओरडलो.

माझ्या बाजूनं शिंपी पळत होता, पाठीवर महिन्याभराच्या चिंध्यांचं पोतं. "मरवा ना? मी तर गारवा म्हणत होतो," तो धापा टाकत म्हणाला.

"गारवा कसा उगवेल?" मी पळता पळता भांडलो.

"हिरवा तरी?"

"तू पोतं सांभाळ!"

आमच्यामागं गल्ली. गाडी कोपऱ्यावर थांबली. शिंप्यानं पोतं टाकलं, लोकांनी बादल्या दिल्या, पैलवान गळ्यापर्यंत बुडाला. मी खिडकीशी पोचलो. दम लागलेला, सदरा पाठीला चिकटलेला.

"मरवा," मी म्हणालो.

बायकोनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बादली कुठंय?"

"मरवा," मी पुन्हा म्हणालो. दुसरं काही तोंडातून येईना.

साहेब वाकून बघायला लागले. "हे कोण हो? मघाचेच ना?"

"कोण जाणे," ती म्हणाली. "रोज असतो असा एखादा." आणि तिसऱ्या गल्लीकडं वळली.

ट्रक सुटायच्या बऱ्याच आधी गाडी डेपोत पोचली, ती शिगोशीग भरून. पैलवान म्हणतो, साहेब उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टोपी एकदा चाचपली आणि म्हणाले, "बाई, गाडी तुमची. पक्की." चार पावलं जाऊन परत आले आणि हळूच विचारलं, "तो पहिल्या गल्लीतला शब्द... तुम्ही मुद्दाम गाळलात ना?"

"हो, साहेब."

"बरं केलंत," ते म्हणाले.

तेव्हापासून असंच चाललं आहे. कडवी मी करतो, म्हणते ती, आणि शेवटचा शब्द कुठल्याच गल्लीत म्हणत नाही. यमक जुळायच्या आत गाडी वळते. मी शब्दाशब्दाला तासून पुसून जागेवर बसवतो, आणि रोज सकाळी माझं गाणं दाराशी मुंडकं ठेवून बाकीचंच हिंडायला जातं. लोक आपापले शब्द घेऊन पळत येतात आणि त्याबरोबर बादली. मावशींचे शब्द पुष्कळदा माझ्यापेक्षा बरे असतात. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. चौथ्या मजल्यावर गेलेली गोष्ट गावभर होते.

परवा संध्याकाळी बायको मोरीत गमबूट घासत बसली होती. मी मुद्रिताच्या पाठकोऱ्या कागदावर एक नवं कडवं लिहून तिच्यासमोर ठेवलं. कुणावर आहे ते सांगितलं नाही. तिनं ओल्या हातानं कागद कोपऱ्याला धरला आणि वाचला:

हिरव्या गाडीची हिरवी राणी,
अर्ध्यात तोडते माझी गाणी;
धावते मागं गल्ली सारी,
एक खुळा नुसता उभा—

तिनं कागद उलटून पाहिला. मागं मूत्रपिंडाची आकृती होती.

"पुढं काय?" तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय? तू तर म्हणत नाहीस शेवटचा शब्द."

"म्हणत नाही. पण काय आहे?"

मी उठलो, चपला पायांत सरकवल्या, आणि तिच्यासारखंच आरशात एकदा बघून दाराबाहेर पडलो.

"अहो!" आतून आवाज आला. मी जिना उतरायला लागलो. "अहो, सांगता का बूट फेकू?"

मी मागं वळलो नाही. माझ्या पाठीमागं जिन्यावर पावलं वाजत होती. एका पायात बूट, एक पाय अनवाणी.